भाजी थंड राखणारा विटा-वाळूचा हौद

वैशाखांत एकोडीसारख्या गांवीं पहाटे तोडलेली पालेभाजी दुपारीं मान टाकते. साकोलीच्या बाजारास एक दिवस उशीर झाला कीं वांगीं सुरकुततात, भाव पडतो, व शेवटीं तीं गुरांपुढें टाकावीं लागतात. घरीं फ्रिज असला तरी त्यांत घरापुरतें मावतें. चार टोपल्यांचा माल त्यांत राहत नाहीं, व वीज गेली म्हणजे तेंही नाहीं. म्हणून विजेवांचून चालणारी एक रीत येथें देत आहों.

तत्त्व आपल्या माठाचेंच आहे. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलें, तर त्यानें शोषलेली उष्णता सुमारें ५८ लिटर पाणी १० अंशांनीं थंड करण्याइतकी भरते. नायजेरिया देशांतील मोहम्मद बा अब्बा या शिक्षकानें सन १९९५ च्या सुमारास एका मडक्यांत दुसरें बसवून, मध्यें ओली वाळू भरून, भाजी राखण्याची युक्ति काढिली. तिजबद्दल त्यांस सन २००० मध्यें रोलेक्स पारितोषिक मिळालें. त्यापूर्वींच, १९८० नंतरच्या दशकांत, दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत रॉय व खुर्डिया यांनीं हीच गोष्ट शेतकऱ्याच्या मापानें सिद्ध केली होती. तिला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. दिसण्यांत तो हौदच होय.

सावलीच्या, वारा खेळेल अशा जागीं विटांचा तळ १६५ सें. मी. लांब व ११५ सें. मी. रुंद घालावा. त्यावर ६७.५ सें. मी. उंचीच्या दुहेरी भिंती रचाव्या, व दोहोंमध्यें ७.५ सें. मी., म्हणजे तीन इंच, जागा सोडून तींत नदीची स्वच्छ वाळू भरावी. भिंतींस गिलावा करूं नये; विटांचीं छिद्रें बुजलीं कीं सर्व खटाटोप व्यर्थ. बांबूच्या चौकटीवर वाळ्याचें किंवा गवताचें झांकण करून तेंही ओलें ठेवावें. वर गवती मांडव हवाच. आरंभीं विटा व वाळू पुरी भिजवावी, पुढें सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें. सुमारें १०० किलो माल सच्छिद्र क्रेटांतून राहतो. वाळू आणतांना रीतसर पावती घ्यावी. नदींतील दोन गाड्या वाळूस कोण विचारतो, असें म्हणणारे पुढें दंड भरतांना या लेखकानें नोकरींत पुष्कळ पाहिले आहेत.

कडक उन्हाळ्यांत आंतील उष्णमान बाहेरच्याहून १० ते १५ अंशांनीं उतरतें, व हवेंतील ओलावा शेंकडा ९० च्या आसपास राहतो. तोडल्यावरही भाजीचा श्वास चालूच असतो, आणि १० अंश उष्णमान वाढलें कीं तो दुपटी-तिपटीनें वाढतो. म्हणून एवढी उतरणही मोठी आहे. वांगीं तर फ्रिजच्या फार थंडीनें डागाळतात, त्यांस हा हौदच अधिक मानवतो. माल मात्र पहाटे तोडलेला, न धुतलेला व निवडलेला असावा. एक किडकें वांगें टोपली नासवितें.

आतां मर्यादा. आषाढ-श्रावणांत हवाच ओली असते, वाफ होत नाहीं, सबब हौद थंड होत नाहीं व आंत बुरशी मात्र धरते. त्या दिवसांत पाणी बंद करून हौद रिकामा ठेवावा. कांदा व लसूण यांस ओलावा वैरी. ते हवेशीर कोरड्या जागीं टांगावे. पिकलेलीं केळीं व आंबे इथिलीन नांवाचा वायू सोडतात, त्यानें शेजारची पालेभाजी पिवळी पडते. तीं वेगळीं ठेवावीं. आणि विशेष जपून ऐकावें : दूध, मांस, शिजलेलें अन्न, चिरलेलें फळ हीं या हौदांत कदापि ठेवूं नयेत. तेथील थंडावा भाजीस पुरतो, पण रोगजंतूंची वाढ रोखण्यास पुरत नाहीं. हौद म्हणजे फ्रिज नव्हे. थंड लागलें म्हणून रात्रींचें वरण सकाळीं लेंकरांस वाढणें धोक्याचें आहे.

घरीं खातांना पालेभाजी आधीं, मग भेंडी, मग वांगीं संपवावीं. आढ्यास टांगलेला पक्का लाल भोपळा पुढें कित्येक आठवडे वाट पाहतो. पौष-माघांत खुडलेला हरभऱ्याचा पाला वाळवून डब्यांत भरून ठेवला, तर हौद रिकामा असण्याच्या दिवसांत तोच भाजीस येतो.