आपला कुर्ता आपल्या हाताने
(पेपर कटिंगवरून कमी खर्चात शिवण : एक पाठ)



आपल्या समाजाच्या दृष्टीने वस्त्राचा प्रश्न हा केवळ अंग झाकण्याचा प्रश्न कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा दंडक घातलेला आहे. म्हणजे माणसाने काय ल्यावे हेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांशी त्यांच्या पेहरावाविषयी मुद्दाम बोलणे केले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत व दागिने टाकून द्या, कपड्याला ठिगळे असली तरी चालतील पण तो स्वच्छ असावा, असा त्या उपदेशाचा आशय होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला शुभ्र वस्त्रे परिधान करून लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. वस्त्र आणि स्वाभिमान यांचे नाते असे आपल्या चळवळीच्या इतिहासातच विणलेले आहे.

येथे कोणी विचारील की, भिक्खूही टाकून दिलेल्या चिंध्यांचे पांसुकूल चीवर वापरीत, मग त्यात हीनता ती कोणती? फरक निवडीचा आहे. भिक्खूने ते व्रत म्हणून स्वीकारले होते. आपल्या पूर्वजांवर ते लादले गेले होते. आपले वस्त्र आपण निवडणे, आणि जमल्यास ते आपल्या हाताने शिवणे, हे त्या लादलेपणाला कृतीने दिलेले उत्तर आहे.

चीवराचा ड्राफ्ट

शिवणकामाच्या विद्यार्थ्यांनी विनयपिटकातील एक प्रसंग अवश्य वाचावा. महावग्गातील चीवरक्खंधकात तो आला आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांना मगधातील शेते दिसली. आडव्या-उभ्या बांधांनी त्यांचे सारखे तुकडे पडले होते. अशा रचनेचे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी तुकडे कापून, त्यांची जुळणी करून तसे चीवर तयार केले. थोडक्यात सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ विस्ताराने जाणणारा म्हणून भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली.

कटिंगचे शास्त्र याहून निराळे काय आहे? आधी आकृती डोळ्यांपुढे आणायची, तिचे भाग पाडायचे, आणि मगच कापडाला कात्री लावायची. आधुनिक काळात अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणले, आणि घरच्या घरी शिवणाऱ्या स्त्रियांची मोठी सोय झाली. आपल्याला नमुना विकत घेण्याचीही गरज नाही. रद्दीतील वर्तमानपत्र, पट्टी, पेन्सिल व मापाची टेप एवढे साहित्य पुरते.

मापे

उदाहरणादाखल शाळेत जाणाऱ्या मुलीचा साधा कुर्ता घेऊ. मापे अशी : उंची ३६ इंच, छाती ३२, कंबर २८, सीट ३४, पूर्ण तीरा १४, बाहीची उंची ८ इंच. माप घेताना टेप घट्ट ओढू नये आणि लोंबती ठेवू नये. घेतलेले माप लगेच वहीत लिहावे. ध्यानात ठेवू म्हणू नये.

ड्राफ्टिंग

वर्तमानपत्राचे कागद खळीने जोडून ४० इंच लांबीचा कागद तयार करावा. अंगाच्या निम्म्या भागाचाच ड्राफ्ट काढायचा असतो. कागदाची डावी कड ही कापडाची घडी समजावी.

१) लांबी : ३६ इंच उंचीत तिऱ्याच्या शिलाईसाठी अर्धा इंच व खालच्या दुमडीसाठी दीड इंच मिळवून ३८ इंच.
२) तीरा : १४ चा निम्मा ७ इंच, अधिक शिलाईचा अर्धा इंच. खांद्याचा उतार पाऊण ते एक इंच द्यावा.
३) मुंढा : छातीच्या चौथ्या भागातून अर्धा इंच वजा करून, म्हणजे साडेसात इंच खोल.
४) छाती : चौथा भाग ८, सैलपणासाठी १ व माया १ मिळून १० इंच.
५) कंबर : चौथा भाग ७, सैलपणा दीड व माया १ मिळून साडेनऊ इंच.
६) सीट : चौथा भाग साडेआठ, सैलपणा १ व माया १ मिळून साडेदहा इंच. खालचा घेरही तेवढाच ठेवून बाजूंना कट द्यावेत.
७) गळा : रुंदी निम्मी ३ इंच, खोली पुढे साडेपाच व मागे ३ इंच. शिलाईत गळा वाढतो, म्हणून रेषेच्या पाव इंच आत कापावे. गळ्याचा एकूण घेर टेपने मोजून तो डोक्याच्या घेराहून अधिक आहे ना, हे पाहावे. कमी भरल्यास मागे छोटा उभा कट द्यावा लागेल.
८) बाही : उंची ८, वर अर्धा व दुमडीस १ मिळून साडेनऊ इंच. उघडी रुंदी १५ इंच, वरचा गोल ३ इंच. बाहीचा गोल व मुंढ्याचा घेर कागदावरच मोजून जुळवावा. येथे चूक राहिली तर तिची किंमत केवळ रद्दीचा कागद आहे. कापडावर तीच चूक महागात पडते.

माया एक इंच सोडण्यात दूरदृष्टी आहे. मुलगी अंगाने भरली की बाजूची टीप उसवून तोच कुर्ता आणखी एक-दोन वर्षे वापरता येतो.

कापडाचा हिशेब

काटकसर खरी येथे साधते. कापड घेण्यापूर्वी पन्हा विचारावा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाच्या दोन्ही किनारी मध्यावर आणून दुमडल्या की पुढचा व मागचा भाग एकाच लांबीत बसतो, कारण दोन्हींना मिळून ४२ इंच रुंदी लागते. त्याखाली दोन बाह्या शेजारी-शेजारी. म्हणजे ३८ अधिक साडेनऊ, एकूण साडेसत्तेचाळीस इंच. सव्वा मीटरमध्ये ४९ इंच येतात. पण सुती कापड आटते, म्हणून दीड मीटर घ्यावे.

पन्हा ३६ इंच असेल तर दोन लांब्या लागतात, म्हणजे ७६ इंच. बाह्यांसाठी पुन्हा वेगळे कापड घेण्याचे कारण नाही. २१ इंचांचा भाग कापल्यावर बाजूला १५ इंचांची पट्टी उरते, तीत दोन्ही बाह्या निघतात. आट धरून सव्वादोन मीटर पुरे होते. ड्राफ्ट न मांडता कापणाऱ्याला येथे पाव मीटर कापड जास्त लागते.

कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवावे व इस्त्री करूनच कापावे. ड्राफ्टची लांबी कापडाच्या किनारीला समांतर ठेवावी; तिरपी ठेवल्यास धुतल्यावर कुर्ता एका अंगाला पिळतो.

शिलाईचा क्रम

प्रथम दोन्ही तिरे जोडावेत. नंतर उरलेल्या तुकड्यातून सव्वा इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या कापून, जोडून गळ्याला लावाव्यात. पट्टी उरेबच हवी, कारण तिरपे कापड ताणले जाते व गोलाईला चुणी पडत नाही. मग बाह्या मुंढ्याला जोडाव्यात. त्यानंतर बाहीच्या टोकापासून बाजूच्या कटापर्यंत एकच सलग टीप मारावी. शेवटी कट व खालची दुमड. मशीन नसेल त्यांनी कच्चा दोरा घालून हाताने बखिया मारावा. वेळ लागेल, पण शिवण टिकेल.

जुन्याचे नवे

विनयपिटकात आनंदांचा आणखी एक प्रसंग आहे. पाचशे वस्त्रे दान मिळाल्यावर एवढ्यांचे काय करणार, असे राजा उदेनाने त्यांना विचारले. जीर्ण चीवर असणाऱ्यांना ती वाटू, जुन्या चीवरांचे पलंगपोस करू, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू, असे आनंदांनी क्रमाने सांगितले. एकही धागा वाया न घालवण्याची ही शिकवण आपल्या घरात आणता येईल. विरलेल्या सुती साडीच्या चांगल्या भागातून अस्तर किंवा लहानग्यांचे झबले निघते. वडिलांच्या सदऱ्याची कॉलर फाटली तरी पाठ शाबूत असते. त्यातून लहान मुलीचा फ्रॉक होतो. उत्तम बसणारा पण जीर्ण झालेला कुर्ता उसवून त्याचे भाग कागदावर ठेवले की आयता ड्राफ्ट मिळतो. पहिला प्रयोग नव्या कापडावर न करता अशा जुन्या साडीवरच करावा.

स्वाध्याय

विद्यार्थिनींनी छाती ३४, कंबर ३०, सीट ३८ व इतर मापे तीच धरून वहीत ड्राफ्टचे आकडे मांडावेत. सीटला किती इंच येतात? ४४ इंच पन्ह्यात तो कुर्ता एका लांबीत बसेल काय? उत्तर साडेअकरा येईल, आणि त्याची चौपट ४६. म्हणजे बसणार नाही. मग एक लांबी वाढवावी, की माया अर्धा इंच करून किनार ते किनार कापावे, हा निर्णय कापड दुकानात जाण्यापूर्वी घरीच घ्यावा लागेल.

मुलग्यांनीही हा पाठ आईबहिणींचा म्हणून सोडून देऊ नये. चीवर शिवणारे आनंद पुरुषच होते. शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा कापड, दोरा व अस्तर यांचा खर्च वहीत लिहावा. शेजारी तेवढ्याच कपड्याची बाजारातील किंमत मांडावी. जो फरक राहील तो वेगळा काढून वह्या-पुस्तकांसाठी ठेवावा. हात बसला की शेजारचे चार कपडे शिवून चार पैसे घरात येतील. पुढच्या १४ एप्रिलला घरातील एका तरी मुलीच्या अंगावर घरीच शिवलेला पांढरा कुर्ता असावा, एवढा संकल्प प्रत्येक कुटुंबाने करावा.

जयभीम! नमो बुद्धाय!