पहिली विद्युत्-गिटार कशी पारखावी?

स्वस्त वाद्य घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र वाद्यच बेसूर असल्यास नवशिका विद्यार्थी आपल्या कानास दोष देऊन विद्याच सोडतो, व हाच खरा तोटा होय. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी तीन परीक्षा कराव्या.

पहिली दांडीची. एक तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. मध्यभागीं तार व पडदा यांत जाड कागदाएवढेंच अंतर असावें. फार अधिक असल्यास दांडी वाकलेली समजावी. अशा वाद्यावर बोटें लवकर दुखतात.

दुसरी स्वराची. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. तेथें खुल्या तारेचाच स्वर एक सप्तक वर निघाला पाहिजे. न निघाल्यास दुकानदाराकडून घोडी सरकवून घ्यावी. तरीहि न जुळल्यास वाद्य घेऊं नये.

तिसरी खुंट्यांची. सहाहि तारा स्वरांत लावून थोडा वेळ वाजवावें. स्वर उतरूं नयेत.

या वाद्यांत पोलादी तारेच्या कंपनानें चुंबकाभोंवतालच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. तिचा मोठा नाद ध्वनिवर्धकच करतो. यास्तव पालकांनीं लहान ध्वनिवर्धकाची किंमत आधींच हिशेबांत धरावी. रंग व चकाकी शेवटीं पाहावी. देवानें दिलेला कान नित्याच्या अभ्यासानें तयार होतो. वाद्यानें त्यास फसवूं नये, एवढेंच पाहावयाचें.