नायकाने वाचकाबरोबर वाढावे काय? : ‘फास्टर फेणे’, ‘टाइमपास’ आणि ‘श्यामची आई’ यांच्या संदर्भात

एखादे पात्र दीर्घकाळ लोकप्रिय राहिले की त्याच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. त्याचे वाचक वा प्रेक्षक वयाने वाढत जातात, त्यांना नोकऱ्या लागतात, मुले होतात. पात्र मात्र पहिल्या पुस्तकात वा पहिल्या चित्रपटात ज्या वयाचे होते त्याच वयाचे राहते. मग हे जुने चाहते मागणी करू लागतात की आमचा नायकही आता मोठा व्हावा, त्याच्या कथेला आमच्या आजच्या अनुभवाचे वजन यावे. ही मागणी वरवर पाहता कलात्मक प्रौढतेची आहे. पण ती मान्य केली असता नेमके काय घडते, आणि कोणाच्या पदरचे काय जाते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. लोकप्रिय साहित्य आणि चित्रपटमालिका हे विषय अभ्यासक्रमात आले, तरी त्यांच्याकडे आपण अद्याप काहीसे संकोचानेच पाहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा मुख्यतः भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’च्या आधारे आणि अनुषंगाने इतर दोन-तीन मराठी उदाहरणांच्या आधारे करावयाची आहे.

बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने काडीसारखा, सायकलवर वाऱ्यासारखा धावणारा आणि काही सुचले की ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा. भागवतांनी (१९१०–२००१) त्याच्या साहसांची वीसेक पुस्तके लिहिली. या पुस्तकांत तो काश्मीरला जाऊन येतो, चक्रीवादळात सापडतो, प्रतापगडावर जातो, विमानचोरांशी गाठ घालतो. पण तो शाळकरी मुलगाच राहतो. पुस्तकांबाहेरचा काळ सरतो, पुस्तकांतला काळ सरत नाही. याला दोष म्हणावे काय? तसे वाटत नाही. फेणेच्या प्रत्येक कथेचे यंत्र एकाच गोष्टीवर चालते: जे मोठ्यांना दिसत नाही ते त्याला दिसते, आणि तो लहान असल्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. पोलीस, शिक्षक, नातेवाईक या सर्वांच्या अविश्वासाला वळसा घालून त्याला सत्यापर्यंत पोचावे लागते. त्याचे वय ही त्याच्याविषयीची नुसती माहिती नव्हे. कथानकातील मुख्य अडथळा तेच आहे. हा अडथळा काढून घेतला की उरतो तो एक चपळ तरुण हेर, आणि चपळ तरुण हेरांची मराठी रहस्यकथेत कधीच वाण नव्हती.

प्रस्तुत लेखकाने ही पुस्तके १९९०च्या सुमारास तालुक्याच्या वाचनालयातून आणून वाचली. खानदेशातील आम्हां मुलांना पुणे फार दूरचे होते. फुरसुंगी मात्र ओळखीची वाटे, कारण शहरातल्या शाळेसाठी मागे सोडावे लागणारे गाव आम्हांलाही ठाऊक होते. पुणेरी वाटणाऱ्या या नायकाचा गावाकडचा उगम समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही, असे येथे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे, पटकथा क्षितिज पटवर्धन यांची. बनेशच्या भूमिकेत अमेय वाघ. येथे बनेश शाळकरी नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. परीक्षेच्या वेळी ओळख झालेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, ती आत्महत्या ठरविली जाते, आणि त्या मृत्यूचा माग काढताना बनेश परीक्षेभोवतीच्या मोठ्या गैरव्यवहारापर्यंत पोचतो. म्हणजे चाहत्यांबरोबर नायकाला वाढविण्याचा निर्णय येथे जाणीवपूर्वक घेतलेला आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या हिंदी मालिकेत सुमीत राघवन यांनी साकारलेला फेणे अद्याप मुलगा होता. तीन दशकांनी आलेल्या फेणेच्या गालांवर दाढी आहे.

हा निर्णय केवळ धंद्याचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रवेशपरीक्षा हा विषय निवडण्यात विलक्षण सूचकता आहे. फेणेच्या मूळ वाचकांची मुले आज ज्या दरवाजापाशी अडतात तो हाच दरवाजा. जळगाव असो की धुळे, बारावीचे वर्ष आले की घरातील सर्व व्यवहार त्या एका परीक्षेभोवती फिरू लागतात, हे आपण सर्वजण पाहतो. शिवाय चित्रपटाने एक मार्मिक गोष्ट केली आहे: बनेशला ज्यांच्या घरी आसरा मिळतो ते गृहस्थ म्हणजे स्वतः भा. रा. भागवत, आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. निर्माता आणि त्याची निर्मिती एका छपराखाली येतात. लेखक म्हातारा झाला आहे, नायक तरुण झाला आहे. आणि या दोघांच्या मध्ये जो शाळकरी मुलगा होता, तो कोठे गेला?

तो चित्रपटातच आहे. रस्त्यावर वाढलेला भूभू हा चुणचुणीत पोरगा बनेशच्या मदतीला येतो. मोठे त्याला मोजत नाहीत, म्हणून तो कोठेही शिरू शकतो; त्याच्या बोलण्याला किंमत नाही, म्हणून त्याच्यापुढे सारे बोलतात. मूळ पुस्तकांतील बनेशचे जे कथनात्मक स्थान होते ते चित्रपटाने मोठ्या झालेल्या बनेशकडून काढून भूभूला दिले आहे. पटकथाकाराने हे हेतुपुरस्सर केले असेल वा नसेल; रचनेची गरजच तशी होती. हा चित्रपट प्रस्तुत लेखकाने जळगावात आपल्या दहा वर्षांच्या भाच्याबरोबर पाहिला. मध्यंतरात त्याने विचारले, “मामा, यातला फाफे म्हणजे तो छोटा ना?” या प्रश्नाला तत्काळ उत्तर देता आले नाही. मुलाने पुस्तके वाचलेली होती, आणि त्याच्या वाचनाच्या अनुभवाशी इमान राखूनच त्याने नायक शोधला होता.

येथे प्रश्नाचा गाभा हाती लागतो. नायक वाढावा की वाढू नये, असे सरसकट विचारण्यात अर्थ नाही. त्याचे बालपण मुळात कोणाला उद्देशून लिहिले होते, हे आधी पाहावयास हवे. चित्रपटाच्या इतिहासात वाढणाऱ्या नायकांची थोर उदाहरणे आहेत. सत्यजित राय यांचा अपू १९५५, १९५६ आणि १९५९ या वर्षांच्या तीन चित्रपटांत बालकाचा पिता होतो. फ्रान्स्वा त्रुफो यांचा आंत्वान दुआनेल १९५९ पासून १९७९ पर्यंत झां-पिएर लेओ या एकाच नटाच्या देहात वाढत जातो. परंतु ही दोन्ही बालपणे आरंभापासून प्रौढ प्रेक्षकासाठी होती. ‘पथेर पांचाली’ अपूच्या वयाच्या मुलांसाठी काढलेला चित्रपट नव्हता. म्हणून अपू मोठा झाला तेव्हा कोणाचे काही हिरावले गेले नाही. मराठीत सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ मालिकेचेही (२०१०, २०१५, २०१८) तसेच आहे. भेट, विवाह आणि अपत्यजन्म अशी ती मालिका आपल्या प्रेक्षकाच्या वयाबरोबर सरकते. आणि तिचा प्रेक्षक पहिल्या भागापासून लग्नाच्या वयाचा असल्यामुळे हे सरकणे स्वाभाविक वाटते. तिसऱ्या भागात कथेचा जोम ओसरला आहे हे खरे, पण तो दोष वाढण्याचा नाही.

हॅरी पॉटरचे उदाहरण या संदर्भात हटकून दिले जाते. १९९७ ते २००७ या काळात सात पुस्तके आणि २००१ ते २०११ या काळात आठ चित्रपट निघाले. नायक, नट आणि पहिली वाचकपिढी एकत्र वाढली. पण ही संगती प्रकाशनाच्या वेगाने निर्माण केलेली होती, हे विसरता कामा नये. पहिल्या पिढीला जे दहा वर्षांत भेटले ते आजच्या मुलाला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटते. नवव्या वर्षी पहिले पुस्तक उघडणारे मूल जूनपूर्वीच शेवटच्या पुस्तकातील मृत्यूंपाशी येऊन पोचते. नायकाने चाहत्यांबरोबर वाढावे असे म्हणताना आपल्या मनात पहिल्या पिढीचेच चाहते असतात. पुढच्या पिढ्यांचे वाचनवय या हिशेबात धरलेलेच नसते.

रवी जाधव यांची ‘टाइमपास’ मालिका या दृष्टीने अधिक बोलकी आहे, आणि विद्यार्थ्यांनी तिचा अभ्यास अवश्य करावा. पहिला भाग (२०१४) दगडू आणि प्राजक्ता यांच्या पौगंडावस्थेतील प्रेमाचा. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांचा. दुसऱ्या भागात (२०१५) ते दोघे मोठे झालेले दाखविले, आणि त्यासाठी प्रियदर्शन जाधव व प्रिया बापट हे वेगळे नट घेतले. म्हणजे प्रेक्षक एका वर्षाने वाढला, पात्रे मात्र अनेक वर्षांनी. २०२२ साली तिसरा भाग आला तेव्हा मालिका मागे फिरली: प्रथमेश परब पुन्हा दगडू झाला, आणि कथा पहिल्या दोन भागांच्या मधल्या, महाविद्यालयीन वयाच्या काळात गेली. दगडूचे आकर्षण त्याच्या अर्धवट वयात, त्याच्या बढाईत आणि अडखळण्यात आहे. प्रौढ दगडूला सांगण्यासारखे फार थोडे उरते, याची ही कबुलीच समजावी. आठ वर्षांत प्रेक्षक वाढला होता, पण त्याला पाहावयाचा होता तो न वाढलेला दगडू. चाहते ‘वाढ’ मागतात तेव्हा पुष्कळदा त्यांना वेगळेच काही हवे असते: आपण वाढलो याची साक्ष द्यायला एक न वाढलेला सोबती.

आमच्या शेजारी याहून निराळा मार्ग सापडतो. धुळ्याहून पन्नासएक किलोमीटरवरील मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या साधनांनी आपले ‘शोले’ काढले, पुढे आपला सुपरमॅन काढला. त्यावर फैजा अहमद खान यांचा माहितीपटही (२००८) आहे. तेथील सुपरमॅन हा यंत्रमागावर राबणारा किरकोळ देहाचा कामगार. या चाहत्यांनी नायकाला आपल्या वयाचे केले नाही, आपल्या गावचे केले. मूळ सुपरमॅन जेथे होता तेथेच राहिला आणि तो कोणाकडून हिरावलाही गेला नाही.

आता श्यामकडे वळू. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांशी रोज बोलण्याची ही सवय ‘श्यामची आई’च्या रचनेत उतरली आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेले आहे. सांगणारा श्याम प्रौढ आहे, ऐकणारे आश्रमातील सोबती आहेत, आणि सांगितला जातो तो लहान श्याम. दोन्ही वये एकाच वाक्यात नांदतात. लहान वाचक मुलाबरोबर रडतो. तोच वाचक चाळिशीत पुस्तक उघडतो तेव्हा त्याला सांगणाऱ्याचा कंठ ऐकू येतो. वाढण्याची सोय येथे नायकात नाही, निवेदकात आहे. फास्टर फेणेच्या पुस्तकांत अशी सोय नव्हती. तेथे आठवणारा कोणी नाही, सारे आत्ताच घडते. म्हणून मोठ्या झालेल्या वाचकाला उभे राहायला तेथे जागा मिळत नाही आणि तो नायकालाच ओढून आपल्या वयात आणतो.

गुरुजींनी श्यामला पुढे वाढविलेही. ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ ही पुस्तके त्याच्या शिक्षणाची, दारिद्र्याशी झालेल्या झगड्याची आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती आज अन्यायाने दुर्लक्षिली जातात. एम.ए.च्या वर्गात विचारले असता ‘श्यामची आई’ वाचलेले हात जवळजवळ सगळे वर होतात. या दोहोंच्या नावाला एखाददुसराच. हे हात चोपडा, पारोळा, शिरपूर अशा गावांहून शिकायला आलेल्या, खोली करून राहणाऱ्या, डबा आणि फी यांचा मेळ घालणाऱ्या मुलामुलींचे असतात. आज त्यांच्या वयाचा आणि त्यांच्या परिस्थितीचा श्याम नेमका त्या दुसऱ्या पुस्तकांत आहे. म्हणजे वाढलेला नायक उपलब्ध असूनही वाचक त्याच्याकडे गेला नाही. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटानेही लहान श्यामच पक्का केला. माधव वझे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले, तरी कित्येकांच्या मनात ते वनमालाबाईंच्या पदरापाशीच उभे राहिले. सुजय डहाके यांच्या २०२३ मधील कृष्णधवल चित्रपटाने ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ गुरुजींना पडद्यावर आणले आणि निवेदकाचे वय कथेला परत दिले. त्या चित्रपटाच्या गतीविषयी मतभेद होऊ शकतील. पण वाढलेल्या प्रेक्षकाला जागा देण्यासाठी मुलाला मोठे करावे लागत नाही, हे त्याने दाखविले आहे.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. मराठीत किशोरांसाठी चित्रपट फार थोडे निघतात; तिकीट काढणारा प्रौढ असतो; त्याला रुचेल असा फेणे केला नसता तर कदाचित फेणे पडद्यावर आलाच नसता. आक्षेप खरा आहे. मात्र त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की आपण मुलांच्या मालकीची वस्तू मोठ्यांनी घेतली, कारण पैसे मोठ्यांकडे होते. घेतल्यावर तिच्या जागी मुलांसाठी काय ठेवले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. भूभूला स्वतःचे पुस्तक नाही.

चित्रपटातील बनेशप्रमाणे प्रस्तुत लेखकाचा तो भाचाही पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसला. परीक्षा संपल्यावर त्याने ‘फास्टर फेणे’ पुन्हा पाहिला आणि दूरध्वनीवरून कळविले की चित्रपट चांगलाच आहे, फक्त त्या छोट्याला उगाच इतका वाव दिला आहे.