समानार्थी भासणारी इंग्रजी क्रियापदे

गरजेच्या वेळी शेजाऱ्याकडून हातउसने पैसे घेण्याची रीत शिरूर अनंतपाळसारख्या शेतीप्रधान तालुक्यात सर्वांच्या परिचयाची आहे. मराठीत 'उसने' हा एकच शब्द दोन्ही बाजूंना चालतो. देणारा उसने देतो आणि घेणारा उसने घेतो. इंग्रजीत मात्र देणाऱ्याचे क्रियापद 'लेंड', तर घेणाऱ्याचे 'बॉरो'. शब्दकोशात दोहोंपुढे 'उसने' पाहून विद्यार्थी हाती लागेल ते उचलतो आणि कर्जाच्या अर्जात ऋणकोच धनको होऊन बसतो!

सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे हा प्रश्न आता प्राथमिक शिक्षकापुढेही उभा राहतो. अशा वेळी मराठीचे ज्ञान अडसर न ठरता आधारच ठरते. घरणी नदीचे पाणी पावसाळ्यात वाढते, तेथे 'राइज'. ग्रामपंचायत पाणीपट्टी वाढविते, तेथे 'रेज'. वाढणे व वाढविणे यांतील भेद मूल घरूनच शिकून आलेले असते. शिक्षकाने तो केवळ दाखवून द्यावयाचा असतो.

'से' आणि 'टेल' यांचे तसेच आहे. सरपंच काय म्हणाले हे सांगताना 'से', कोणाला सांगितले याला महत्त्व असेल तेव्हा 'टेल'. म्हणूनच 'सेड मी' चुकीचे व 'टोल्ड मी' बरोबर. तथापि मराठी माणूस खोटे 'बोलतो', तर इंग्रज ते 'टेल' करतो. येथे नियम शोधण्यापेक्षा प्रयोग पाठ करणेच बरे.

कार्यालयीन लेखनात यापेक्षा गंभीर पेच उद्भवतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा असला, तरी अन्य राज्यांशी वा बँकांच्या वरिष्ठ कार्यालयांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात इंग्रजी टळत नाही. 'लाभार्थ्याने रक्कम नाकारली' या वाक्याचे भाषांतर करावयाचे आहे, असे समजू. त्याने रक्कम घेण्यास नकार दिला असेल तर 'रिफ्यूज'. रक्कम मिळालीच नाही असे त्याचे म्हणणे असेल तर 'डिनाय'. पहिल्या प्रसंगी पैसा कार्यालयातच शिल्लक आहे. दुसऱ्या प्रसंगी तो गेला कोठे, याची चौकशी करावी लागेल. एखाद्याला त्याचा हक्क न देणे, हाही 'डिनाय'चा एक अर्थ असल्याने गोंधळात भरच पडते.

वस्तुतः येथील दोष इंग्रजीच्या माथी मारता येत नाही, कारण मूळ मराठी वाक्यच संदिग्ध आहे. 'रक्कम स्वीकारण्यास नकार दिला' किंवा 'रक्कम मिळाल्याचे नाकारले' असे टिपणीतच लिहिले असते, तर भाषांतरकाराला शब्दकोश उघडण्याचे कारण पडले नसते.