विषयांतर की विषयविस्तार? : स्त्रीवादी विज्ञानकथेच्या चर्चेची शिस्त

स्त्रीवादी विज्ञानकथेवरील चर्चा भरकटते, ही तक्रार या साहित्यप्रकाराइतकीच जुनी आहे. हे भरकटणे प्रायः दोन दिशांनी होते. कधी चर्चा स्त्रीप्रश्नाच्या सर्वसाधारण विवेचनाकडे वळते आणि कलाकृती केवळ निमित्तमात्र उरते. कधी ती विज्ञानाच्या शक्याशक्यतेत अडकते आणि कथेतील स्त्रीविषयक आशयच दृष्टीआड होतो. अशा वेळी चर्चेच्या सूत्रधाराने विषयाची मर्यादा कोणत्या निकषावर ठरवावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक परिसंवाद विशेष उद्बोधक ठरतो. जेफ्री डी. स्मिथ यांनी आपल्या ‘खात्रू’ या हौशी नियतकालिकासाठी ‘विज्ञानकथेतील स्त्रिया’ या विषयावर टपालाने परिसंवाद चालविला. तो १९७५ साली जोडअंकात प्रसिद्ध झाला. जोआना रस, उर्सुला ल ग्विन, व्होंडा मॅकिंटायर, सूझी मॅकी चारनास, केट विल्हेल्म, सॅम्युअल डिलेनी आणि जेम्स टिपट्री ज्युनिअर हे त्यातील काही सहभागी लेखक होत. विषय साहित्याचा असला तरी पत्रे लवकरच विवाह, मातृत्व, बलात्कार, लेखिकांची मिळकत अशा प्रश्नांकडे वळली. काटेकोर सूत्रधाराने हे सारे विषयांतर मानले असते. तथापि याच परिसंवादाचे १९९३ मध्ये नव्या टिपणांसह पुनर्मुद्रण करावेसे अभ्यासकांना वाटले, हे लक्षात घेतले पाहिजे.

याचे कारण असे की, स्त्रीवादी विज्ञानकथेत जीवनाचे प्रश्न बाहेरून आणावे लागत नाहीत. ते कथेच्या रचनेतच असतात. रस यांच्या ‘व्हेन इट चेंज्ड’ (१९७२) या कथेत एका ग्रहावरील सर्व पुरुष साथीत मरण पावलेले आहेत आणि पिढ्यानुपिढ्या स्त्रियाच तेथील समाज चालवीत आहेत. दोन बीजांडांच्या संयोगातून त्यांना अपत्ये होतात. हा संयोग शक्य आहे काय, एवढ्यावरच थांबणारी चर्चा कथेपासून दूर जाते, कारण कथेने ही बाब ओझरती सांगितली आहे. परंतु ती ओझरतीच का सांगितली, असे विचारताच तोच मुद्दा कथेच्या गाभ्याशी नेतो. त्या स्त्रियांच्या दृष्टीने ते नित्याचे जगणे आहे. नवलाची गोष्ट आहे ती पृथ्वीवरून आलेल्या पुरुषांची. म्हणजे एकच विधान एका अंगाने विषयांतर, तर दुसऱ्या अंगाने विषयविस्तार ठरते.

यावरून एक निकष मांडता येतो. चर्चेतील विधान संहितेपासून किती दूर गेले, हे मोजण्यापेक्षा ते संहितेकडे परतले काय आणि परतल्यावर संहितेचे काही नवे दर्शन घडले काय, हे पाहावे. या निकषाचे उत्तम उदाहरण ल ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हॅन्ड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीच्या वादात सापडते. तीतील उभयलिंगी माणसांसाठी लेखिकेने पुल्लिंगी सर्वनाम योजले, यावर स्त्रीवादी वाचकांनी आक्षेप घेतला. १९७६ च्या निबंधात ल ग्विन यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले. पुढे १९८७ मध्ये त्याच निबंधाला टिपणे जोडून त्या समर्थनाचा फेरविचार केला. त्याआधी, १९७५ च्या कथासंग्रहात, याच ग्रहावरील ‘विंटर्स किंग’ या कथेत त्यांनी स्त्रीलिंगी सर्वनाम योजून पाहिले होते. वाद भाषेतील पुरुषप्रधानतेचा होता. परंतु तो संहितेतील एका शब्दाला धरून राहिला, म्हणून फलदायी झाला.

मराठीच्या वर्गात हा मुद्दा अधिक तीव्रतेने जाणवतो. इंग्रजीत प्रश्न मुख्यतः सर्वनामाचा आहे. मराठीत ‘आला’, ‘आली’, ‘आले’ असे क्रियापदही लिंगानुसार बदलते, विशेषणही पुष्कळदा बदलते. या कादंबरीतील एखादा उतारा मराठीत आणावयास सांगितल्यास विद्यार्थ्याला पहिल्याच वाक्यात निर्णय घ्यावा लागेल. नपुंसकलिंग योजावे तर मनुष्य वस्तुवत् किंवा बालवत् भासण्याचा धोका. आदरार्थी ‘ते’ योजावे तर पुन्हा पुरुषाचाच बोध. स्त्रीप्रश्नावरील सामान्य विधानांकडे झुकलेली चर्चा संहितेकडे परत आणण्यास असा भाषांतराचा प्रयत्न उपयुक्त ठरेल.

विषयाची मर्यादा बोलणाऱ्याच्या ओळखीवरून ठरवू गेल्यास काय होते, हेही ‘खात्रू’च्या परिसंवादात दिसते. टिपट्री यांनी स्त्री-पुरुष या भेदाऐवजी पुरुषवृत्ती आणि मातृवृत्ती असा भेद सुचविला. सहभागी स्त्रियांपैकी काहींना तो एका पुरुषाने केलेला मातृत्वाचा गौरव वाटला आणि खटकला. पुढे १९७६–७७ मध्ये उघड झाले की, टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन ही स्त्री होय. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी तर १९७५ मध्ये टिपट्री यांच्या लेखनशैलीत पौरुषाचीच खूण पाहिली होती. येथे आक्षेप घेणाऱ्यांचे सारेच चुकले असे नव्हे. मातृवृत्तीच्या कल्पनेतील दोष ती कोणी मांडली यावर अवलंबून नव्हता. मात्र विधानाऐवजी वक्ता तपासला गेला, तेवढ्यापुरती चर्चा विषयापासून खऱ्या अर्थाने ढळली. याचा अर्थ बोलणाऱ्याचा अनुभव गौण आहे असा नाही. अनुभवाने प्रश्न सुचतात, संहितेतील न दिसलेल्या जागा दिसतात. परंतु त्या जागा इतरांनाही दाखविता आल्या पाहिजेत.

सारांश, सूत्रधाराचे काम दार बंद करण्याचे नसून परतीची वाट मोकळी ठेवण्याचे आहे. मातृत्व, श्रम, हिंसा यांवरील बोलणे त्याने तोडू नये. ‘हे कथेत कोठे दिसते?’ हा प्रश्न मात्र पुनःपुन्हा विचारावा. उत्तर मिळाले तर तो विस्तार. न मिळाले तर ते विषयांतर. हा प्रश्न न विचारणाऱ्या चर्चेत कलाकृती हरवते, आणि जीवनाचे प्रश्न वर्ज्य करणाऱ्या चर्चेत स्त्रीवाद.