डॉक्टरांचे नेतृत्व आणि रुग्णाचे मनोबल

मानवी जीवनात आरोग्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. दवाखान्यात डॉक्टर हा रुग्णाचा नेता असतो. परंतु औषध घेणे आणि पथ्य पाळणे घरी घडते. तेथे डॉक्टर नसतात.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली अमेरिकेतील मुलांच्या गटांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात नेतृत्वाचे तीन प्रकार होते : हुकूमशाही, लोकशाही आणि सर्व काही गटावर सोडून देणारे. हुकमाखाली काम करणारी मुले नेता बाहेर जाताच सैल पडत. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटाचे काम मात्र नेत्याच्या मागेही चालू राही.

रुग्णाचेही असेच आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. एक-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि गोळ्या सुटतात. मग जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. माझ्या वडिलांनी रक्तदाबाच्या गोळ्या पाकीट संपताच बंद केल्या. त्या पुढेही घ्यायच्या, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला.

आपल्या विदर्भातच याचे उत्तम उदाहरण आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. त्यामुळे तो झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. पुढे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. या यशात औषधांचा वाटा आहेच. पण लोकांवर टाकलेला विश्वासही तितकाच मोलाचा आहे.

अर्थात, सर्पदंशाच्या वेळी चर्चेला सवड नसते. तेथे डॉक्टरांचा हुकूमच तारतो. दीर्घ आजारात मात्र समजावून सांगणेच उपयोगी पडते.

मानोरा, रिसोडकडील शेतमजूर दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात येतो. आजार काय, औषध किती दिवस आणि ते सोडल्यास काय होईल, एवढे त्याला कळले तरी तो समाधानाने परततो. विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांसोबत दवाखान्यात जाल तेव्हा हे तीन प्रश्न अवश्य विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले, तर न विचारताच त्यांची उत्तरे द्या.