वर मऊ, खाली टणक

क्रॉक्सवरून आमच्या बिदर-कलबुर्गी भागात घरोघरी कुरबुर चालू आहे. कॉलेजात जाणाऱ्या पोरांना तो भोकाभोकांचा जाडजूड फोमचा जोड प्यारा. वडीलधाऱ्यांच्या मते ती न्हाणीघरातली वस्तू, चुकून रस्त्यावर आलेली. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठंही जा, पायातल्या वस्तूंची प्रतवारी आधीच ठरलेली असते. बूट नोकरीला, सँडल लग्नकार्याला, टायरची चप्पल रानात आणि हवाई घरात. या उतरंडीत जो जोड बसत नाही त्याला हसायचं, मग तो पायाला कितीही मानवो. मी बेढब पण सोयीच्या पादत्राणांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र याच बाजूची बरीच माणसं मऊपणालाच सोय समजतात, आणि इथल्या जमिनीवर ती समजूत महागात पडते. लाजेपोटी पायाला नको ती वस्तू घालणं जितकं वाईट, तितकंच वाईट दुकानात अंगठ्यानं दाबून 'किती मऊ आहे' म्हणत पैसे मोजणं.

जमिनीपासूनच सुरू करू. बिदरचं पठार जांभ्याचं, लाल आणि खडबडीत. तिथून कलबुर्गीकडं (जुन्या माणसांच्या तोंडी अजून गुलबर्गाच) उतरलं की तुरीची काळी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, कलबुर्गीत तर सहज बेचाळीसच्या पुढं जातो. क्रॉक्स आणि त्याच्या नकला ज्या जातीच्या फोमच्या असतात, तो हलका असतो, पाण्यानं कुजत नाही, धुतला की लगेच सुकतो. पण उन्हात तापला की आक्रसतो. उंबऱ्याबाहेर भर दुपारी राहिलेला किंवा बंद गाडीत काचेखाली टाकलेला जोड संध्याकाळी पायात शिरेना झाला, तर पाय सुजलेला नसतो, जोड लहान झालेला असतो. मुलांच्या बाबतीत हे पटकन ध्यानात येत नाही, कारण पोराचा पाय वाढला असं समजून आपण मोकळे होतो. बांधावरचा बाभळीचा काटा ही दुसरी गोष्ट. टायरच्या तळात तो वरवर रुततो, मोडतो, विषय संपतो. फोममध्ये मात्र अख्खाच्या अख्खा आत जातो. बाहेरून डोकं दिसत नाही, चालताना टोक टोचतं, थांबून पाहिलं तर काही सापडत नाही, आणि पुन्हा पाऊल टाकलं की पुन्हा टोच. चिमट्यानं ओढायला गेलं तर फोम चुरतो आणि काटा तिथंच राहतो. पावसात काळी मातीच तळाला अशी चिकटते की सैल जोड चिखलात राहतो आणि पाय पुढं जातो.

मग सोयीचं पादत्राण म्हणायचं कशाला? याचं उत्तर फॅशनवाल्यांनी नव्हे, कुष्ठरोगाच्या डॉक्टरांनी दिलं, आणि तेही आपल्याच देशात. तमिळनाडूत वेल्लोर आणि करिगिरी इथं डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याच्या पायाची बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळं खडा, काटा, चटका कळत नाही. माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय हळूहळू झिजतो. त्यावर जो उपाय पुढं आला तो म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, डॉक्टरांच्या भाषेत एमसीआर चप्पल. तिची बांधणी नीट पाहण्यासारखी असते. पायाला लागणारा थर बारीक हवेच्या छिद्रांचा, मऊ, वजन सगळ्या तळव्यावर पसरवणारा. त्याच्याखाली टणक रबराचा तळ, काटा वर येऊ न देणारा. टाचेमागं पट्टा, कारण बधिर पायाला चप्पल निसटल्याचं कळतच नाही. वरचे पट्टे सैल-घट्ट करता येतात. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये काही नसतं, कारण तिथं घासून झालेली जखम सर्वांत उशिरा दिसते. सोयीची सगळी व्याख्या या एका चपलेत आली. हवाई चपलेत टाचेचा पट्टा नाही, स्वस्त फोमच्या जोडात टणक तळ नाही, कडक बुटात मऊ थर नाही.

एवढी विचार करून केलेली चप्पल सरकारी आरोग्य खातं कुष्ठरुग्णांना फुकट देत आलं, आणि तरीही पुष्कळांनी ती कोपऱ्यात टाकून दिली. कारण ती काळी, जाड चप्पल लांबून ओळखू यायची. ती घालून बाजारात जाणं म्हणजे आपला आजार गावभर सांगणं. पुढं तिचे रंग, पट्टे बाजारातल्या सँडलसारखे करायचे प्रयत्न झाले ते यासाठीच. कुरूप पादत्राणाच्या वादाला मी थट्टेचा विषय मानत नाही त्याचं कारण हे आहे. आज तोच बधिरपणा मधुमेहातून येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोक मधुमेही आहेत. यातल्या अनेकांना जी चप्पल हवी ती साधारण एमसीआरच्याच घडणीची, आणि ती न घेण्याचं कारणही साधारण तेच: 'लोक काय म्हणतील'. सोयरे आलेत, आत्ता ती चप्पल नको. सुनेच्या माहेरी जायचंय, त्या चपलेवर कसं जायचं? पायाच्या जखमेचा खर्च कुठल्याही चपलेच्या किमतीत बसत नाही, आणि बोट कापावं लागलं तर लोक काय म्हणतील हा प्रश्न उरतच नाही.

यावर येणारा एक आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. साधी चप्पल वापरा, हे सांगणं सोपं कुणाला? ज्याच्या आजोबाला वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागल्या नाहीत, त्याला. पादत्राण हा या मातीत पहिल्यापासून मानापमानाचा विषय आहे. बसवकल्याणात चर्मकार शरण हरळय्यांची गुंफा आहे. बसवण्णांनी हरळय्यांच्या एका नमस्काराला दोनदा नमस्कार केला, त्याचं ऋण फेडायला हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवले, आणि बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले, अशी शरणांची कथा आहे. त्याच हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि बाराव्या शतकातलं कल्याण पेटलं. दोन्ही बापांना देहदंड झाला. अशा मुलखात एखाद्या तरुणाला चकचकीत पॉलिशचे बूट घालून तहसीलमध्ये जावंसं वाटलं, तर तो नखरा नव्हे. मी त्याला चप्पल घाल म्हणणार नाही. पण आपल्या मर्जीनं घातलेला बूट वेगळा आणि शाळेनं, दुकानमालकानं, साहेबानं घालायला लावलेला वेगळा. मे महिन्यात कृत्रिम चामड्याच्या बंद बुटात नायलॉनच्या मोज्यानं दिवस काढल्यावर बोटांच्या बेचक्यात जे चिघळतं, त्यात मान कुठला? काय घालायचं ते पायाच्या मालकानं ठरवणं, हाच मानाचा अर्थ मी धरतो.

औचित्याचं काय, असंही विचारतात. कचेरीत स्लीपर शोभते का? हे औचित्य किती लवचीक आहे ते परीक्षेच्या दिवशी कळतं. नीटच्या परीक्षेला बूट चालत नाहीत, चप्पल किंवा कमी टाचेची सँडल लागते. 2023च्या ऑक्टोबरात कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या भरती परीक्षेत कलबुर्गी-यादगीरकडच्या केंद्रांवर ब्लूटूथची कॉपी उघडकीला आली, त्यानंतर इथंही उमेदवारांच्या पायातले बूट उतरवले गेले. म्हणजे नोकरीची परीक्षा चपलेवर द्यायची आणि नोकरी लागली की चप्पल अशोभनीय! स्वच्छ, मागून पट्टा असलेली सँडल कुठल्याही कचेरीत चालायला हरकत नसावी.

आणि 'आता क्रॉक्सच फॅशन आहे, वाद मिटला' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: 2010 साली 'टाइम' साप्ताहिकानं ज्याला जगातल्या सर्वांत वाईट शोधांच्या यादीत टाकलं, तोच जोड 2017 साली बॅलेन्सियागानं उंच तळ लावून पॅरिसच्या मंचावर आणला. 2025 साली प्राडानं मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या तेव्हा इथल्या कारागिरांचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर ते ऋण मान्य केलं. फॅशन आज उचलते, उद्या टाकते. तिच्या भरवशावर पाय सोडू नये.

पूर्वज अनवाणीच फिरत होते, हा शेवटचा आक्षेप. फिरत होते, आणि त्यांच्या टाचांना भेगा होत्या, पायातून अंकुशकृमी शिरत होते. श्रद्धेचा अनवाणीपणा मला मान्य आहे, पण बधिर पायाला देवळाची तापलेली फरशी भाजते हे खरं. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर स्नान करून निर्गुण पादुकांच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या मधुमेही माणसानं सकाळचा गारवा धरावा, जाड सुती मोजे घालावेत आणि रात्री आरशात तळवे पाहावेत. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. वरचा थर दाबून पाहा, पण तळही वाकवून पाहा. मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. रोज घालण्याआधी आतून हात फिरवा, खडा असतोच. क्रॉक्स अंगणात, न्हाणीत, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत खुशाल वापरा, कुणी हसलं तर हसू द्या. रानात, मोटारसायकलवर आणि सरकत्या जिन्यावर मात्र नको.